तुम्ही विचारलंत म्हणून: ताप गेला, मग थकवा का जात नाही?

"डेंगी होऊन सहा महिने झाले. रिपोर्ट सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात, जरा हातपाय हलव, बसून बसून अंग जड होतं. पण विहिरीवरून चार कळशा आणल्या की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. याला कारण काय नि औषध काय?" पावसाळ्यातल्या तापांना सहा महिने होतात ते शिमग्याच्या सुमाराला, आणि त्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून हा प्रश्न वारंवार येतो. कधी डेंगीच्या जागी चिकुनगुन्या असतो, कधी लावणीच्या चिखलातून आलेला लेप्टो, कधी कोविड.

त्रास काम करताना होतो की दुसऱ्या दिवशी, हे आधी पाहा. रक्त कमी असेल तर चढ चढतानाच धाप लागते आणि बसलं की बरं वाटतं. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये (एमई/सीएफएस, महिनोन्महिने न जाणाऱ्या थकव्याचा आजार) काम त्या वेळी कसंबसं होऊन जातं, आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी माणूस कोसळतो. अंग मोडून येतं, घसा धरतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, रात्रभर झोपूनही सकाळी ताजं वाटत नाही. हे दोन दिवस चालतं, कधी दोन आठवडे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली निदानाचे निकष ठरवले, त्यात सहा महिन्यांहून अधिक काळ घटलेली कार्यक्षमता, श्रमानंतरची ही घसरण आणि ताजेपणा न देणारी झोप हे तिन्ही आवश्यक धरले. शिवाय बुद्धीचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी एक तरी हवं. डेंगीनंतरचा साधा अशक्तपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरतो. त्याला हे नाव लावू नये.

"रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे नेमके कोणते, हे कागद काढून बघा. पुष्कळदा त्यात फक्त सीबीसी आणि साखर असते. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी12, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीसाठी), यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम, सीआरपी किंवा ईएसआर (अंगातला दाह दाखवणाऱ्या), सीपीके (स्नायूंसाठी), सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) तपासणी, लघवी आणि छातीचा एक्स-रे एवढं व्हायला हवं. हिमोग्लोबिन बरोबर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, विशेषतः पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत. उलट अंगात दाह असेल तर फेरिटिन खोटं चांगलं दिसतं, म्हणून सीआरपी सोबत लागतो. बी12 च्या गोळ्या सुरू करून मग तपासलं तर आकडा फुगलेला येतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करा. वजन घटतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, ताप परत येतो, असं काही असेल तर थकव्याची चर्चा बाजूला ठेवून आधी क्षयाचा आणि इतर आजारांचा शोध घ्यायचा.

एक तपासणी घरी होते आणि ती फार कमी लोक करतात. ब्लडप्रेशरचं डिजिटल मशीन घ्या, ते नाडीही दाखवतं. सकाळी, चहाच्या आधी, दहा मिनिटं शांत पडून राहा आणि दोन्ही आकडे लिहा. मग उठून भिंतीला फक्त खांदे टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. दहा मिनिटं न हलता, न बोलता उभं राहायचं आणि दर मिनिटाला आकडे लिहायचे. पाय हलवले तर पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि निकाल बिघडतो. जवळ कोणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबायचं. नाडी तीसने किंवा अधिक वाढून तशीच राहिली (एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांत चाळीसने) आणि प्रेशर पडलं नाही, तर पॉट्स, म्हणजे उभं राहिलं की नाडी अवाजवी वाढण्याचा आजार, असण्याची शक्यता आहे. वरचं प्रेशर वीसने पडलं तर तो वेगळा दोष. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवलात की बोलणं "टेन्शन घेऊ नका" पाशी अडत नाही, कारण याला उपचार आहेत.

आता क्रॉनिक फटीगचं कारण. ठाम एक कारण अजून हाती आलेलं नाही, आणि शोधाच्या वाटेवर मोठे धक्के बसले आहेत. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात डॉक्टर-नर्सच एकापाठोपाठ आजारी पडले तेव्हापासून संसर्गावर संशय आहे. 2009 मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा शोध छापून आला आणि रुग्णांना वाटलं, सापडलं. तो प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पेशींतून आलेला भेसळीचा विषाणू निघाला. 2011 मध्ये निबंध मागे घेतला गेला. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्तीच्या काही पेशी मारणाऱ्या औषधाच्या छोट्या चाचण्यांतून आशा वाटली होती, पण 151 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. तो निकाल 2019 साली आला.

कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवावा असा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावचा आहे, 2006 मध्ये छापलेला. ग्लँड्युलर फिवर, क्यू फिवर आणि रॉस रिव्हर विषाणू असे तीन अगदी वेगळे संसर्ग झालेल्यांवर नजर ठेवली, तर सहा महिन्यांनी सुमारे 11 टक्के लोकांत हाच आजार होता. रॉस रिव्हर डासांतून पसरतो आणि चिकुनगुन्याच्याच कुळातला आहे. कोणाला होणार हे मुख्यतः मूळ ताप किती जबर होता त्यावरून कळत होतं, स्वभावावरून किंवा आधीच्या मानसिक त्रासावरून नाही. "मनाचे खेळ" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं. 2025 मध्ये ब्रिटनच्या डीकोड-एमई प्रकल्पाने पंधरा हजारांहून अधिक रुग्णांचा डीएनए तपासून जनुकसाखळीतल्या आठ जागा दाखवल्या. त्यांतल्या काही प्रतिकारशक्तीशी, काही मज्जासंस्थेशी निगडित आहेत. त्यातून लगेच औषध निघणार नाही, पण दिशा मिळाली आहे.

उपचारांत सगळ्यात जास्त नुकसान "रोज थोडं थोडं वाढवत चला" या सल्ल्याने झालं. त्याला आधार होता 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पेस चाचणीचा. तिच्यात शारीरिक क्षमतेचा गुण (100 पैकी, जास्त तितका चांगला) 65 किंवा कमी असेल तर माणूस आजारी म्हणून दाखल होई, आणि बरं झाल्याच्या व्याख्येत त्याच गुणासाठी 60 पुरेसे धरले होते. अशा मापाने काय मोजलं जाणार? उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याचा मानसोपचार) हा आजार बरा करणारा उपचार नाही, फक्त आधार आहे, असं नोंदवलं.

मग करायचं काय? अंगातल्या शक्तीचा हिशेब ठेवायचा आणि ती संपायच्या आधी थांबायचं. सात दिवस सकाळी अंथरुणातच नाडी मोजा, सरासरी काढा, त्यात पंधरा मिळवा. सरासरी 72 आली तर 87. सुरुवातीला नाडी त्या आसपासच राहील इतपतच काम, वर गेली की बसायचं. आकडा छोटा वाटतो आणि आहेच. चिऱ्याच्या दहा पायऱ्या चढल्या तरी ओलांडला जातो. म्हणून अंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट. भाजी चिरणं बसून. खोबरं खवणं दुसऱ्याकडे द्यायचं, कारण विळीवर वाकून दोन्ही हात चालवणं हे दिसतं त्याहून जड काम आहे. गणपतीत मुंबईची माणसं घरात आली की बोलणं, आवाज, जागरण हेही श्रमच. आरतीला खुर्चीत बसा आणि आधीचे-नंतरचे दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. फसगत होते ती बऱ्या दिवशी. बरं वाटतंय म्हणून आठवड्याची कामं एकदम उरकली जातात आणि पुढचा आठवडा जातो.

उभं राहून नाडी वाढत असेल तर पाणी आणि मीठ वाढवायचं, पण प्रेशर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सकाळी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, दुपारी आगळाचं पाणी, किंवा एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे अधिक लागतं. पोटऱ्या-मांड्या आवळणारे मोजे उपयोगी, घामाच्या दिवसांत मात्र नकोसे होतात. डॉक्टर गरजेप्रमाणे कमी मात्रेत प्रोप्रानोलोल, इव्हाब्राडीन किंवा मिडोड्रीन देतात. झोप आणि दुखण्यासाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिनचे 5 ते 10 मिलिग्रॅम. मूळ आजारावर मंजूर झालेलं औषध जगात जवळजवळ कुठेच नाही, अपवाद फक्त अर्जेंटिनाने 2016 मध्ये मान्य केलेल्या रिंटाटोलिमॉडचा. नाल्ट्रेक्सोन अगदी कमी मात्रेत, 4.5 मिलिग्रॅमपर्यंत, काहींना बरं वाटतं, पण पुरावा अजून तोकडा आहे आणि ते स्वतःच्या मनाने घेण्याजोगं नाही.

"ताकदीची सलाईन" लावली की दिवसभर बरं वाटतं, ते बहुतेक आत गेलेल्या पाण्या-मिठामुळे. दर आठवड्याला शीर टोचून घेण्यापेक्षा ते पाणी प्यालेलं स्वस्त आणि सुरक्षित. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही अंगात तरतरी येते. त्या बंद करताना काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. पुडीतल्या औषधात काय आहे हे देणारा सांगत नसेल तर ती घेऊ नका.

जे बिछान्यालाच खिळलेत, ज्यांना उजेड आणि आवाजही सोसत नाही, त्यांना चाळीस किलोमीटर एसटीने तपासणीला नेणं हेच त्यांचं दुखणं वाढवतं. रक्ताचा नमुना घरी येऊन नेणारं कोणी आहे का ते बघा, डॉक्टरांशी फोनवर बोला, आणि जावंच लागलं तर गाडीत मागच्या सीटवर आडवं नेऊन दवाखान्यातही आडवं होण्याची सोय आधी सांगून ठेवा.