१०८ किलो, चार दिवस आणि तीन तुटलेले आरे

चार दिवसांच्या सायकल सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारी चढावर मागून 'टिंग' असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणावर चाक ब्रेकला घासायला लागलं. उतरून पाहिलं तर मागचा डावीकडचा एक आरा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, वाकतो तिथेच, तुटलेला. माझं वजन १०८ किलो, वर १२ किलो सामान, आणि चाक सायकलबरोबर आलेलं २८ आऱ्यांचं. ब्रेक ढिला केला, मागची एक बॅग पाठीवर घेतली आणि तसाच निघालो. संध्याकाळी आरा बदलून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला, तरी पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन गेले. एक तुटला की शेजारच्यांचा भरवसा नसतो.

चूक वजनाची असं मला वाटत होतं. खरा दोष ताणाचा होता. चाक फिरताना जो आरा खाली येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो. आरे आधीच ढिले असतील तर ते दर फेरीला सैल होतात, पुन्हा ताणले जातात. किलोमीटरमागे साधारण पावणेपाचशे फेऱ्या. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांमुळे डावे आरे मुळातच ढिले राहतात, आणि जास्त भारही याच चाकावर.

त्याच रस्त्यावर पुन्हा गेलो तेव्हा मागचं चाक हाताने बांधून घेतलं होतं: ३६ आरे, दुहेरी भिंतीची रिम, पितळी निपल (आरा रिमला धरून ताणणारे छोटे नट). मध्ये बारीक असलेले आरे मला आधी कमकुवत वाटले होते. उलट ते थोडे ताणले जातात, त्यामुळे सैल पडत नाहीत. बांधणाऱ्याने शेवटी आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून करकचून आवळल्या. हे तुमच्यासमोर करून घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्या. पुढच्या चाकाला ३२ आरे पुरतात.

टायर २८ मिलिमीटरचे काढून ४० चे टाकले. अरुंद टायरमध्ये दगडासारखी हवा भरूनही खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपायची आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडायची. आता हवेचा दाब मागे ६५ पीएसआय, पुढे ५०. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली. सायकल मात्र पळते छान. घेण्याआधी फ्रेममध्ये जागा मोजा, दोन्ही बाजूंना निदान पाच मिलिमीटर मोकळे हवेत.

डाव्या-उजव्या आऱ्यांची लांबी वेगळी असते, म्हणून दोन्हींचे दोन-दोन सुटे आरे फ्रेमला टेपने चिकटवले होते. उजवा आरा बदलायला गिअरच्या चकत्या काढाव्या लागतात, तेव्हा ते हत्यारही घेतलं. चौथ्या संध्याकाळी चाक उचलून फिरवलं. ब्रेकची फट दोन्हीकडे सारखी. सुटे आरे अजून टेपसकट तिथेच आहेत.