फॉइल गरम लागत होतं

सांगलीत विश्रामबागेत माझं लेडीज सलून आहे. पाच खुर्च्या, दोन शॅम्पू बेसिन, सहा मुली आणि झाडलोट, टॉवेल, चहा बघणाऱ्या एक मावशी. मुलींची नावं इथे लिहीत नाही. सगळ्या अजून याच धंद्यात आहेत आणि सांगली काही फार मोठी नाही. गावावरून ओळख सांगते, तेवढी पुरे.

तुळशीची लग्नं होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. लग्नसराईत सकाळी दहाला शटर वर गेलं की रात्री नऊपर्यंत आमची पाठ कुठे टेकत नाही. त्या दिवशी दुपारी एक कॉलेजची मुलगी आली. थोरल्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, तिला हायलाइट्स हवे होते, म्हणजे मधल्या काही बटांना ब्लीच लावून, फॉइलमध्ये गुंडाळून फिका रंग आणायचा. कमरेपर्यंत केस, दाट आणि काळेभोर. मिरजेची मुलगी माझ्याकडची सगळ्यात जुनी, सीनियर. तिनं केस हातात घेऊन विचारलं, “आधी कधी कलर केलाय?”

“नाही ताई, कधीच नाही.”

मी काउंटरवर होते. हे बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी पुढच्या अपॉइंटमेंटच्या फोनला लागले. त्यापुढचा प्रश्न तिनं विचारला नाही आणि मीही नाही.

ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आमचं रोजचंच मिश्रण. फॉइल देत, क्लिपा धरत शेजारी उभी होती कवलापूरची. तिला येऊन पाचच महिने झाले होते. केस धुणं, टॉवेल बांधणं, फॉइल कापणं एवढंच तिच्याकडे. सीनियरनं मागची बाजू पूर्ण केली, पुढच्या बटा घेतल्या आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या बाईंचं ब्लो ड्राय बघायला गेली.

थोड्या वेळानं मावशी माझ्याजवळ आल्या. हातात झाडू तसाच. “ताई, जरा तिकडं बगा. कवलापूरची म्हणतीया, त्या पोरीच्या फॉइलातनं वाफ निघतीया.”

वाफ हा शब्द ऐकला आणि मी फोन तसाच ठेवून धावले. मागचं एक फॉइल फुगलं होतं. बोट लावलं तर चहानं भरलेल्या ग्लासाला लावावं तसं चटकलं. ब्लीचमध्ये थोडी ऊब येते, पण हे तसं नव्हतं. “बेसिनला घ्या, आत्ताच्या आत्ता.” सीनियर आली, मी आणि ती दोघींनी एकेक फॉइल ओढून काढलं आणि गार पाणी सोडलं. चोळायचं नाही, नुसतं पाणी. सात-आठ फॉइलांमधले केस पाण्याबरोबरच सुटले. ओली बट हातात घेतली की रबरासारखी ताणायची आणि तुटायची. टाळूवर दोन ठिकाणी लाल झालं होतं. फोड नव्हता. ती मुलगी रडत नव्हती, गप्प बसली होती, आणि ते जास्त वाईट वाटत होतं.

मी तिला विचारलं, “बाळा, घरी केसांना काय लावतेस?”

“काही नाही ओ ताई. मेंदी फक्त. आई लावते दर महिन्याला. काळी मेंदी.”

आता या मुलीचं काय चुकलं? आपण कलर विचारला, तिनं कलर नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे मेंदीला कुणी कलर म्हणत नाही. मेंदी म्हणजे औषध, थंडावा. झाडाच्या पाल्याची शुद्ध मेंदी असती तर केस फार तर नारिंगी राहिले असते. पण पुडीतल्या काही मेंद्यांमध्ये रंग गडद व्हावा म्हणून धातूचे क्षार घालतात. ते महिनोन्महिने केसावर थरासारखे बसतात, आणि वरून पेरॉक्साइड आलं की रासायनिक क्रिया इतकी झपाट्यानं होते की केस आतून तापतो आणि तुटतो. हे मी कोर्समध्ये शिकले होते, सीनियरलाही मीच शिकवलं होतं. याची चाचणीही साधी आहे. मागच्या बाजूचे पाच-दहा केस कापायचे, २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून त्यात अर्धा तास ठेवायचे. पाणी तापलं, बुडबुडे आले, घाण वास आला, तर त्या डोक्याला ब्लीच लावायचंच नाही. त्या दिवशी तो अर्धा तास आम्ही वाचवला होता.

मुलीला स्कूटरवर मागे बसवून मी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, टाळूला खोल इजा नाही म्हणाले. परत आलो तोवर तिची आई येऊन थांबली होती. आत जाण्याआधी सीनियर मला दाराशी गाठून हळूच म्हणाली, “ताई, केस आधीच कमजोर होते म्हणा. त्यांना काय कळतंय.”

खरं सांगते, जिभेवर तेच वाक्य आलं होतं. लग्नाचा सीझन, सगळ्या खुर्च्या भरलेल्या, चार बायका आरशातून आमच्याकडे बघतायत. पण सीनियरचं तोंड बघितलं तर ती घाबरून पांढरी पडली होती. बारा वर्षं काम केलेली बाई मला खोटं बोला म्हणतेय ती वाईट आहे म्हणून नव्हे. ही भीती कसली, ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. मी आत गेले आणि त्या आईला सांगितलं, “आम्ही मेंदीचं विचारायला हवं होतं. बट तपासून बघायला हवी होती. आमची चूक आहे.” त्या खूप बोलल्या. बोलू दिलं. पैसे घेतले नाहीत, डॉक्टरांचे दिले, लग्नाच्या दिवशी मी स्वतः हॉलवर जाऊन त्या मुलीचे मागचे तुटलेले केस झाकून अंबाडा घातला, गजऱ्यानं भरून काढला. मुलगी हसली. आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्यांच्या घरचं कुणी पुन्हा आमच्याकडे आलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

नऊला शटर अर्धं खाली ओढलं, मावशींनी चहा ठेवला. मी कवलापूरच्या मुलीला जवळ बसवलं. “फॉइल गरम लागतंय हे तुला कधी कळलं?”

ती खाली बघत म्हणाली, “दुसरं फॉइल धरतानाच. बोटाला लागलं.”

म्हणजे मावशी माझ्याकडे येण्याच्या आठ-दहा मिनिटं आधी. तेव्हाच धुतलं असतं तर एखादी बट गेली असती. “मग बोलली का नाहीस गं?”

तिनं काही उत्तर दिलं नाही. नुसतं भिंतीकडे बघितलं. पँट्रीच्या दाराशेजारी मी चिकटवलेला कागद होता. माझ्याच अक्षरातला. उशीर झाल्यास ५० रुपये. बाऊल, ब्रश तुटल्यास भरून देणे. फोन दिसल्यास १०० रुपये. आणि चौथी ओळ: क्लायंटसमोर सीनियरला उलट बोलल्यास १०० रुपये.

मागच्याच महिन्यात मी तिचे ते शंभर कापले होते. सीनियर चुकीची ट्यूब उचलत होती आणि ही पटकन बोलली, “ताई, ती नव्हं.” ट्यूब खरंच चुकीची होती. तरी मी कापले. महिना सात हजारांवर घर चालवणाऱ्या, कवलापूरहून वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं येणाऱ्या मुलीचे शंभर. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे उशिराचे पन्नासही तिचेच जास्त जायचे. तिनं धडा नीट शिकला होता. मीच शिकवला होता.

तो कागद तिथे कसा आला, हे मला त्या रात्री झोप येईपर्यंत आठवत राहिलं. आमचं जुनं दुकान मारुती रोडला होतं, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. दुकान आढ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर मी कुलूप उघडायला गेले तर चार मुली आधीच बाहेर उभ्या. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. मिरजेची घमेलं घेऊन आली होती, घरून. तीन दिवस आम्ही चिखल काढला. खुर्च्यांच्या सांध्यांतली रेती तिनं जुन्या टूथब्रशनं काढली. त्यातल्या दोन खुर्च्या अजून चालतात.

मग विश्रामबागेत जागा घेतली, कर्ज काढलं, आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. २८ जूनला सलूनं उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच. त्वचेची कुठलीच सेवा नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप. या काळात मी मुलींना अर्धा पगार दिला, हप्ते थकले, आणि उघडल्यावर मला प्रत्येक फुटलेला बाऊल माझ्या छातीवर फुटल्यासारखा वाटायला लागला. तेव्हा तो कागद लिहिला. जुन्या मुलींनी तो मनावर घेतला नाही. त्यांनी मला चिखलात बघितलं होतं, हे ताईचं टेन्शन आहे, जाईल, असं त्या समजून होत्या. कवलापूरची नंतर आली. तिनं पूर बघितला नव्हता, लॉकडाऊन बघितला नव्हता. तिला माझ्याबद्दल माहीत होता तो फक्त तो कागद. आणि नीट बघितलं तर जुन्याही त्याला धरूनच वागायला लागल्या होत्या. नाहीतर सीनियरच्या तोंडून ‘केस कमजोर होते म्हणा’ निघालं नसतं. त्या दिवशीच्या कामाचे पैसे आपल्याच पगारातून जाणार, हे तिनं मनात धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद काढला. कापलेले पैसे वहीत होते, ज्याचे त्याला परत दिले. एकूण साडेचार हजारांच्या वर गेले. एवढ्याशा पैशासाठी मी दोन वर्षं या मुलींची तोंडं बंद ठेवली होती.

आता आमच्याकडे एक शब्द ठरलाय: थांबा. कुणीही म्हणू शकतं, शॅम्पूवाली मुलगीसुद्धा, कितीही मोठ्या क्लायंटसमोर. म्हटलं की हात थांबतो. कारण नंतर विचारायचं. सुरुवातीला मुली लाजायच्या, मग आठवड्यातून दोनदा तरी ऐकू यायला लागला. निम्म्या वेळा काही निघत नाही. तरी थांबवणारीला कुणी हसायचं नाही, यावर मी लक्ष ठेवते. प्रत्येक नव्या डोक्यासाठी एक वही आहे. त्यात ‘कलर केलाय का’ हा प्रश्नच नाही. मेंदी कधी लावली, कुठल्या पुडीची, लोखंडी कढईत भिजवली का, असं विचारतो. रंगाआधी त्याच रंगाचा थेंब कानामागे लावून, ॲलर्जी येते का हे बघायला ४८ तास थांबायचं. लग्नघरच्या बायकांना हे पटवणं जड जातं. दोन-तीन गिऱ्हाइकं शेजारच्या सलूनमध्ये गेलीही. जाऊ दे.

सगळंच जमलं असं नाही. टिपचा मी डबा केला, दिवसाच्या शेवटी सगळ्यांत सारखी वाटणी. केस धुणाऱ्या मुलीला कुणी टिप देत नाही, म्हणून. सीनियरला हे पटलं नाही. “माझ्या हाताची बारा वर्षं यात कुठं आहेत, ताई?” तिनं विचारलं. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, प्रश्न रास्त होता. चार महिन्यांनी तिनं मिरजेत स्वतःचं सुरू केलं. भांडून गेली नाही. उद्घाटनाला आम्ही सगळ्या गेलो, आणि मेकअपची मोठी कामं आली की अजून आम्ही एकमेकींकडे पाठवतो. डबा मी बदलला: अर्धी टिप जिचं काम तिची, अर्धी डब्यात.

कवलापूरचीला आता स्वतःची खुर्ची आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी ती गप्प बसली नव्हती. ती बोलली होती, फक्त मावशींशी बोलली. आणि मावशी माझ्याकडे बिनधास्त आल्या, कारण त्या कागदावर मावशींसाठी एकही ओळ नव्हती. त्यांना मी स्टाफमध्ये धरलंच नव्हतं. सकाळी शटर उघडण्याआधी आम्ही दहा मिनिटं बसायला लागलो, तेव्हाही सहा स्टुलं मांडली होती. मावशी दारात उभ्या राहून ऐकायच्या. या म्हटलं तर म्हणायच्या, “ऐकतीया की मी हितनं. तुमचं चालू द्या.”

महिनाभरानं कुपवाडच्या मुलीनं सातवं स्टूल आणून ठेवलं आणि त्यांचा हात धरून बसवलं. त्या दिवशी कोणत्या मुलीला कोणतं काम, हे सगळं बोलून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, “अजून कुणाला काय?”

मावशींनी पदर सावरला. “मला येक सांगायचंय. ते मागच्या खुर्चीचं बटण हाय न्हवं, ड्रायर लावत्यात ते. पुसताना हाताला गरम लागतंय. चार दिस झालं.”

इलेक्ट्रिशियन दुपारी आला. त्यानं बोर्ड उघडला तर मागची वायर जळून काळी पडली होती.