पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची विंटेज नोंदणी: कोणी करावी, कोणी करू नये

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो: गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, आता ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवून घ्यावी का? केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून अशा वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. त्याआधी या बाबतीत देशभर लागू असलेली एकसारखी पद्धतच नव्हती. नियम आले ही चांगली गोष्ट झाली. परंतु ते न वाचताच अर्ज करायला निघालेले अनेक जण भेटतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी तो न करण्याचा सल्ला द्यावा असे मला मनापासून वाटते.

पहिली अट वयाची. वाहनाच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेला असला पाहिजे आणि ते दुचाकी किंवा चारचाकी, तेही खासगी वापराचे असले पाहिजे. म्हणजे गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली याला येथे महत्त्व नाही. 1974 साली तयार झालेली गाडी 1976 मध्ये नोंदवली गेली असेल, तर मोजणी 1976 पासूनच सुरू होते. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे अजूनही फियाटच म्हणतात, वडिलांच्या आरसी बुकाप्रमाणे 1975 च्या मार्चमध्ये नोंदवलेली आहे, त्यामुळे ती या नियमात आत्ता कुठे बसू लागली. सुरुवातीच्या बजाज चेतक, जावा आणि लॅम्ब्रेटा यांपैकी कित्येक गाड्यांचीही आता हीच स्थिती आहे. विंटेज म्हटले की राजेरजवाड्यांच्या मोटारी डोळ्यांसमोर येतात. कायद्याच्या लेखी मात्र मध्यमवर्गीय सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली स्कूटरही तितकीच विंटेज आहे.

दुसरी अट अधिक अवघड आहे. चॅसिस (गाडीचा मूळ सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल, तर असे वाहन विंटेज ठरत नाही. पन्नास वर्षे रस्त्यावर राहिलेली गाडी म्हणजे अनेक मेकॅनिकांच्या हातांखालून गेलेली गाडी, हे लक्षात घेतले की या अटीची धार कळते. पेट्रोल महाग झाल्यावर जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणे ही एके काळी सर्रास चालणारी गोष्ट होती, आणि अॅम्बेसेडरच्या बाबतीतही तेच झाले. अशा गाडीवर मालकाचा जीव कितीही असो, तिच्या पोटातले इंजिन मूळचे नाही हे कागदावर आणि प्रत्यक्षातही दिसून येते. उलट रंग, सीटचे कापड, टायर, वायरिंग यांसारख्या गोष्टी वयोमानाने बदलाव्याच लागतात आणि त्यांना मोठा फेरफार म्हणता येणार नाही. आमच्या गाडीचे इंजिन एकदा उघडून नवे पिस्टन-रिंग घातले आहेत, पण ब्लॉक तोच आहे आणि त्यावरचा क्रमांक बुकातल्या क्रमांकाशी जुळतो, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब.

आता वापराबद्दल. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नेहमीच्या कामासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यांपुरतीच ती बाहेर काढता येते. रविवारी सकाळी आईला देवळात सोडून येणे यात कुठेच बसत नाही. ज्यांना जुन्या गाडीतून खरोखर फिरायचे आहे, त्यांनी ती आरटीओत पासिंगला नेऊन नेहमीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे, असे माझे मत आहे. खर्चाचा हिशेबही हेच सांगतो. विंटेज नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार रुपये पडतात. ऑगस्ट 2025 मधील बदलानंतर वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नेहमीच्या नूतनीकरणाला दहा हजार आणि दुचाकीला दोन हजार रुपये पडतात. पर्यावरण कर वेगळा. मोटारीच्या बाबतीत पहिल्या दहा वर्षांचे शुल्क जवळपास सारखेच होते, पण दुचाकीवाल्याला मात्र विंटेज नोंदणी चांगलीच महागात पडते, कारण तिचे शुल्क रोल्स-रॉइसला जेवढे तेवढेच लुनाएवढ्या मोपेडलाही आहे. हे मला पटत नाही.

तरीही ज्यांची गाडी वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर निघते, त्यांच्यासाठी ही नोंदणी योग्य आहे, आणि आम्हीही शेवटी तोच विचार केला. येथे खरे काम गाडीचे नसून कागदांचे असते. गाडी दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म 31 भरून ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी इतर वारसांची संमती लागते. भावंडांमध्ये या विषयावर कधी बोलणेच झालेले नसेल, तर ते अर्जाच्या आधी झालेले बरे. आरसी बुक हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी फॉर्म 26 आहे. त्यातच जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्येच पडून असते. ती संगणकात चढवल्याशिवाय, म्हणजे ज्याला आरटीओत ‘बॅकलॉग’ म्हणतात ते झाल्याशिवाय, ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही.

अर्जासाठी चॅसिस क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा, पेन्सिलने घेतलेला ठसा ही या सगळ्यातली माझी आवडती पायरी. आमच्या गाडीच्या बॉनेटखालच्या पत्र्यावर रंगाचे इतके थर चढले होते की अंक बोटांना लागत होते, पण डोळ्यांना दिसत नव्हते. अशा वेळी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर मुळीच लावू नये. घासलेला क्रमांक खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि मग संशयाचे निरसन करणे कठीण जाते. रंग मऊ करणारे थिनर कापसाच्या बोळ्याने लावून, थोडे थांबून, लाकडी काडीने अंकांच्या कडा मोकळ्या केल्या, पत्रा कोरडा पुसला, त्यावर पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवला आणि पेन्सिलीचे टोक आडवे धरून हलक्या हाताने फिरवले. करड्या पट्ट्यात एकेक अंक पांढरा उमटत गेला. शेवटचा अंक बुकात कोणीतरी इतका वेडावाकडा लिहिला होता की तो तीन की आठ हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 भरून करायचा असतो. सोबत विमा, शुल्क आणि आधी नोंदवलेल्या गाडीचे जुने आरसी लागते. आयात केलेल्या गाडीसाठी सीमाशुल्क विभागाचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा दाखला, लागते. प्रत्येक राज्याने यासाठी एक नोडल अधिकारी नेमायचा असून, वाहन विंटेज आहे की नाही हे तपासणीनंतर राज्याची समिती ठरवते. अर्ज मान्य झाल्यास साठ दिवसांत नोंदणी प्रमाणपत्र द्यावे, असे नियम सांगतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे, मग दोन अक्षरांची मालिका आणि शेवटी चार अंक असा क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ‘एमएच व्हीए’ अशी होते. आधीच नोंदवलेल्या गाडीला मात्र स्वतःचा मूळ क्रमांक ठेवता येतो. मुंबई राज्याच्या काळातला ‘बीएम’ने सुरू होणारा क्रमांक ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो सोडण्याचा विचारही करू नये, तशी पाटी आता कुठल्याही शुल्कात नव्याने मिळणार नाही.

विंटेज गाडी विकता येते, मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला नव्वद दिवसांच्या आत कळवावे लागते. दोघे वेगवेगळ्या राज्यांतले असतील, तर दोन्हीकडची पोच आरसीसोबत जपून ठेवावी, कारण पुढच्या मालकाला पहिल्यांदा तीच मागितली जाईल.