नाव द्यायचं, तर आधी गावाला विचारा

पनवेल-उरणच्या पट्ट्यात नुसतं 'दिबा' म्हटलं की पुरतं. दिबा म्हणजे दि. बा. पाटील, इथल्या जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेते. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळासाठी बाळासाहेब ठाकरे यांचं नाव पुढे आलं, तेव्हा दिबांचंच नाव द्या म्हणत भूमिपुत्र रस्त्यावर उतरले ते याच हिशेबाने. १० जूनला मानवी साखळी आणि २४ जूनला, म्हणजे दिबांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळावर, मोर्चा. दोघांत मोठं कोण, हा वाद मला कधीच खरा वाटला नाही. ज्यांच्या भातशेतीवर धावपट्टी आली त्यांना कुणी विचारलं का, एवढाच प्रश्न होता.

जून २०२२ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने दिबांचं नाव मान्य केलं. सरकार बदललं आणि जुलैमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय पुन्हा घेतला. तरीही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा केंद्राची मोहोर बाकीच होती. याचं कारण साधं आहे. विमानतळाच्या नावासाठी राज्याच्या विधिमंडळाचा ठराव ही फक्त शिफारस असते. ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे जाते आणि शेवटचा शब्द केंद्रीय मंत्रिमंडळाचा असतो. 'नाव मंजूर झालं' असा बॅनर लागला, तर मंजुरी कुठल्या पायरीवरची आहे हे आधी बघायचं.

ही पायरी प्रत्येक गोष्टीला वेगळी असते. गावातला रस्ता, चौक किंवा सभागृह असेल, तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या ठरावाने बहुतेक काम होतं. गावाचं किंवा शहराचं नाव बदलायचं, तर राज्याचा प्रस्ताव केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो आणि तिथे रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची हरकत नाही ना, हे पाहिलं जातं. जिल्हा-तालुक्याचं नाव महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली अधिसूचनेने बदलतं. आधी मसुदा, मग हरकती-सूचनांसाठी मुदत, मग अंतिम अधिसूचना. आपल्यातले पुष्कळ लोक चुकीच्या दारावर निवेदन देतात. रेल्वे स्थानकाच्या नावासाठी स्टेशन मास्तरला निवेदन दिल्याने फोटो निघतो, फाईल हलत नाही.

गृहमंत्रालयाची १९५३ ची मार्गदर्शक सूचना या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. लोकांच्या सवयीचं झालेलं नाव सबळ कारणाशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो तसंच ठेवावं, त्याच नावाचं दुसरं गाव राज्यात किंवा आसपास नसावं, आणि जुनं नाव का काढायचं व नवं का निवडलं याची कारणं सविस्तर द्यावीत, असं ती सांगते. राष्ट्रीय नेत्याबद्दल आदर दाखवायचा एवढ्याच कारणाने गावाचं नाव बदलू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. मला ही सूचना आजही योग्य वाटते. नेत्याला मान देण्यासाठी गावाची ओळख खर्ची घालणं हा गावावर अन्याय आहे.

मात्र नव्या वास्तूला नाव देणं आणि जुनं नाव पुसणं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपी विमानतळाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव द्यावं ही मागणी घ्या. १९२२ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस, १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत राजापूरचा खासदार. इथे पुसायला जुनं काही नाही आणि माणसाचं नातं थेट मातीशी आहे. त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेले मधु दंडवते यांचं नाव कोकण रेल्वेशी जोडावं ही मागणीही त्याच जातीची. गोव्यात मोपाच्या विमानतळाला मनोहर पर्रीकरांवरून 'मनोहर' नाव मिळालं, तरी टॅक्सीवाल्याला सांगताना मोपाच म्हणतात. त्यात कुणाचा अपमान नाही. जागेचं नाव जिभेवर आधीपासून असतं आणि ते आपल्या वेगाने बदलतं.

न्हावा-शेवाचं उदाहरण तर रोजच्या व्यवहारातलं आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदराला जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे, पण क्लिअरिंग एजंटपासून कंटेनर ड्रायव्हरपर्यंत सगळे न्हावा-शेवाच म्हणतात, आणि बंदराचा आंतरराष्ट्रीय कोडही आयएनएनएसए, म्हणजे न्हावा-शेवाचाच. मुंबई विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, पण तिकिटावर अजून बीओएमच, म्हणजे जुन्या 'बॉम्बे'चाच कोड, छापलं जातं.

बदल पूर्ण रुजल्याचं कोकणातलं उदाहरण म्हणजे कुलाबा जिल्हा. १९८१ मध्ये त्याचा रायगड झाला. किल्ला जिल्ह्यातच, महाड तालुक्यात आहे, त्यामुळे नाव उपरं वाटलं नाही, आणि मुंबईतल्या कुलाब्याशी होणारा घोळही मिटला. तरी लोकसभा मतदारसंघ 'कुलाबा' याच नावाने चालू राहिला, तो २००९ च्या निवडणुकीपासून रायगड झाला. एक नाव सगळ्या दप्तरांतून फिरायला पाव शतकाहून जास्त लागलं. नाव बदलणाऱ्यांनी हा वेळ आधीच हिशेबात धरावा. तोवर दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, असं झालं की हेलपाटे माणसाला पडतात. अर्जात 'नवे नाव (पूर्वीचे नाव)' अशी दोन्ही लिहावीत आणि अधिसूचनेची प्रत सोबत जोडावी, म्हणजे निम्मी कटकट वाचते.

आता लोकमताचं. माझा खरा आक्षेप इथेच आहे. 'गावाचा ठराव आहे' असं म्हणतात तेव्हा तो ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेचा आहे की ग्रामसभेचा, हे आधी विचारा. सात-नऊ सदस्यांनी हात वर केले म्हणजे गाव बोललं असं होत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या. पण गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला ती अट राहत नाही. नेमका तिथेच नावाचा विषय उरकला जातो, वीस-पंचवीस माणसांत. म्हणून इतिवृत्ताची नक्कल मागताना हजेरीचीही मागा. सभा मूळची की तहकूब, ते त्यात दिसतं.

सह्यांच्या मोहिमेची गोष्टही तशीच. कागदावर एकच नाव छापून खाली सही मागितली, तर नाही म्हणायला जागाच नसते. एकाच घरातल्या पाच सह्या एका हाताच्या निघतात, सही करणारा गावचा मतदार आहे का हेही कुणी पडताळत नाही. मतदार यादीचा भाग आणि अनुक्रमांक सहीपुढे लिहून घ्या, आकडा कमी भरेल पण टिकेल. प्रश्नही नीट विचारायला हवा. नाव तेच ठेवायचं, जुन्या नावाला नवं जोडायचं, पूर्ण बदलायचं, की मत नाही, असे चार पर्याय असावेत. बहुतेक वाद जुन्याला नवं जोडण्याच्या पर्यायावर मिटू शकतो, पण तो कागदावर नसतोच.

मसुदा अधिसूचनेवर हरकत घ्यायची असेल, तर छापील मजकुराचे गठ्ठे देऊन फार काही साधत नाही. पाचशे पत्रांत एकच कारण असेल, तर सुनावणीत ते एकच मुद्दा म्हणून निकाली निघतं. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळी कारणं लिहावीत. जुन्या नावाचा महसुली दप्तरातला पुरावा, जवळच्या सारख्या नावाच्या गावाशी होणारा गोंधळ, देवस्थानाच्या कागदावरचं नाव. मुदतीच्या आत आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. पोच नसली तर हरकत घेतली होती हे सिद्ध करता येत नाही.

कोकणात आणखी एक अडचण आहे, चाकरमान्यांची, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची. घर गावात, मतदार यादीत नाव मुंबईत. कायद्याने त्यांना ग्रामसभेत मत नाही, पण देवळाचा, रस्त्याचा, शाळेचा खर्च उचलणारे तेच असतात, आणि त्यांना वगळून ठेवलेलं नाव गणपतीत आल्यावर भांडणाचं कारण होतं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. गणपती बहुतेक वेळा शेवटच्या दोन तारखांच्या मधे येतात, म्हणून त्या दोन्ही सभांना मुंबईकर नसतात. नावाचा विषय १ मेच्या सभेत घ्यावा. तेव्हा आंब्यासाठी, लग्नांसाठी माणसं गावी असतात. नोटीस सात दिवस आधी लागते, म्हणजे २३ एप्रिलच्या आत ती फळ्यावर लावावी, वाडीवाडीत दवंडी द्यावी आणि त्याच दिवशी मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावी, विषयाच्या पूर्ण शब्दांसह. 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली नाव कधीही घेऊ देऊ नये.