टाकी रिकामी होत होती, कंट्रोलर खूश होता

चौथ्या मजल्याच्या काचा, खालूनच लांब पोलने धुवायच्या. गाडीत 400 लिटर शुद्ध पाणी, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 3. असं पाणी काचेवर तसंच वाळलं तरी डाग राहत नाही, म्हणून पुसणं वाचतं. बघणाऱ्याला सगळी करामत पोल धरणाऱ्या हातांची वाटते. खरं तर अर्धं काम गाडीतला तो तळहाताएवढा डबा, म्हणजे पंपाचा कंट्रोलर, करतो.

12 व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाला तो वीज तुकड्यातुकड्यांनी देतो आणि वेग कमीजास्त करतो. डिस्प्लेवरचे 60 म्हणजे लिटर नव्हेत, नुसता वेग. हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकलो. ब्रशकडचा नळ बंद झालाय हे त्याला दिसत नाही. नळीत दाब वाढला की पंप जास्त करंट ओढतो, त्यावरून तो ताडतो आणि 'डेड एंड' दाखवून पंप थांबवतो. किती करंटला थांबायचं, ते कॅलिब्रेशनच्या आकड्यावर.

त्या दिवशी नळ सताड उघडा असूनही दर दोन मिनिटांनी 'डेड एंड'. मी उंचीवर खापर फोडलं. उंचीच्या दर मीटरमागे साधारण 1.4 पीएसआय दाब, म्हणजे 12 मीटरला जेमतेम 17. एवढ्याने पंप अडत नाही, हे मला पाठ आहे. तरीही कॅलिब्रेशन 40 वरून 70 वर नेलं. पंप सुरळीत चालला आणि मी स्वतःवर खूश.

पोऱ्या सकाळीच म्हणाला होता, "दादा, आज रीळ जड फिरतंय, नळी आत दबली असेल." मी म्हटलं, "तू ब्रश धर."

मग नळ बंद करून इमारतीच्या सेक्रेटरीशी बोलायला गेलो. अर्धा तास. या माणसाला प्रत्येक काचेचा हिशेब हवा होता. इकडे 70 वर बसलेल्या कंट्रोलरला नळ बंद झाल्याचं कळलंच नाही. दाब वाढला की पंप बंद करणारा पंपाचा स्वतःचा प्रेशर स्विच मी केव्हाच बायपास केलेला, विकणाऱ्याचाच सल्ला, "दोघं एकमेकांत लुडबुड करतात." सल्ला चुकीचा नाही, पण कॅलिब्रेशन नीट असेल तरच. दाब वाढत गेला आणि रिळाच्या कनेक्टरमधून नळी निसटली. निसटल्यावर दाब संपला, करंट उतरला, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी सगळं झकास. तो इमानेइतबारे टाकी गाडीच्या फरशीवर उपसत राहिला. शंभरेक लिटर शुद्ध पाणी, म्हणजे ते शुद्ध करायला खर्ची पडलेलं तेवढं आर.ओ. आणि रेझिन, गटारात.

रीळ उलगडलं. आतल्या तिसऱ्या वेढ्याला नळी चपटी होऊन दुमडलेली. पोऱ्या काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आकडा परत 40 वर आणलाय. प्रेशर स्विच मात्र अजून बायपासच आहे. रोज सकाळी गाडी उघडताना तो दिसतो.