चार इंचांचा प्रश्न

मागच्या रविवारी दुपारी हातात मोजपट्टी घेऊन मी आमच्या जुन्या ओम्नीच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसलो होतो आणि पाठीमागच्या काचेपासून पुढच्या आसनापर्यंतची लांबी माझ्या उंचीपेक्षा नेमकी तीन बोटे कमी भरते, या शोधाने खट्टू झालो होतो. ही गाडी १९८४ साली नुसती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, पुढे तिची ओम्नी झाली आणि २०१९ साली ती बनायची थांबली. शाळेची मुले, भाजीच्या पाट्या आणि प्रसंगी रुग्ण, असे सारे काही तिने वाहिले आहे. तिच्यात आपणही एखादी रात्र काढावी, भंडारदऱ्याला काजवे पाहून तिथेच आडवे व्हावे, असे माझ्या मनाने घेतले होते. बाक दुमडल्यावर जी पायरी उरते तिच्यावर प्लायवुडची फळी टाकली, तीन बोटांचा प्रश्न तिरपे झोपून सोडवला, आणि उरली ती गादी.

गाडीत झोपण्यासाठी गादी घेणे आणि घरासाठी गादी घेणे या दोन गोष्टींचे एकमेकींशी काहीही नाते नाही, हे मला दुकानात गेल्यावर कळले. घरात गादी जितकी जाड तितकी प्रतिष्ठा जास्त. गाडीत मात्र गादीचा प्रत्येक इंच छतातून वजा होतो. सहा इंची गादीवर मी सुखाने झोपलो असतो, पण रात्री पाणी प्यायला उठताना डोके पत्र्यावर आपटले असते; दोन इंचीवर डोके वाचले असते, पण कुशीवर वळताच खांदा आणि कमरेचे हाड थेट फळीला जाऊन भिडले असते. मी कुशीवर झोपणारा माणूस आहे. उताणे झोपणाऱ्यांना जगात सगळ्याच गाद्या चालतात, असे माझे जुने मत आहे आणि दुकानात सगळे उताणेच झोपून पाहतात, पायांतले बूट गादीबाहेर लोंबकळत ठेवून, दोन मिनिटे, छताकडे बघत.

"काका, ही घ्या, चाळीस डेन्सिटी आहे, एकदम कडक," दुकानातला मुलगा म्हणाला. चाळीस डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो, त्याचा कडकपणाशी थेट संबंध नसतो, असे मी त्याला सांगू लागलो तेव्हा पत्नीने माझ्या कोपराला हात लावला. तरी मी मनात हिशेब केलाच : सहा फूट बाय साडेतीन फूट, चार इंच जाडीची अशी गादी साधारण आठ किलोची होते, म्हणजे एकट्याने उचलून आत सरकवता येते. मग त्याने मेमरी फोम दाखवला. त्यावर उमटलेला माझ्या पंजाचा ठसा सावकाश भरून येताना पाहण्यात मी बराच वेळ घालवला. पण हा फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत ताठरतो, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या गाडीत तो कोणत्या अवस्थेला जाईल याचा विचार करून मी हात काढून घेतला. काथ्याची गादी हवा खेळती ठेवते हे खरे, पण तिची घडी होत नाही.

"घरच्या गादीवर झोप येत नाही म्हणता, आणि गाडीत येणार आहे का?" पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता. गाडीतल्या झोपेविषयी माझा जो काही विश्वास आहे तो सगळा कराडच्या काकांच्या मॅटॅडोरमधून आलेला आहे, हे मी तिला दुकानात उभ्याउभ्या कसे सांगणार?

काकांचा मंडपाचा व्यवसाय होता. पाटणच्या बाजूला लग्न असले की परतीच्या वाटेवर रात्री त्या टेम्पोत खाली बांबू आणि कनाती, त्यांवर सतरंज्या, त्यांवर वऱ्हाडाच्या गाद्या आणि सगळ्यांत वर आम्ही चार मुले, अशी रचना असे. प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर तांबड्या रंगात काकांची आद्याक्षरे आणि क्रमांक घातलेला असे. पिंजाऱ्याकडे जाऊन बराच काळ लोटलेला तो कापूस जागोजागी गोळा झालेला असायचा आणि त्या गोळ्यांच्या मधल्या खळग्यात अंग नेमके बसवणे ही एक कला होती. शिवणीत अडकलेल्या अक्षता कपड्यांतून टोचत. मसालेभाताचा, अत्तराचा आणि शिळ्या झेंडूचा वास एकत्र येई. डोळे मिटलेले असताना पाठीला रस्ता कळायचा : इथे खडी उखडली आहे, इथे वळण, आणि पुलाच्या सांध्यांवरून जाताना सारख्या अंतराने बसणारे ते दोन-दोन हादरे. घरी पोहोचल्यावर कोणीतरी आम्हाला उचलून आत नेई आणि सकाळी गालावर गादीच्या टाक्याचा वळ असे.

शेवटी मी चार इंची साधा फोम घेतला, त्याचे तीन तुकडे करून एकाच खोळीत शिवून घेतले, म्हणजे दिवसा त्याची घडी होते. खाली ओल धरू नये म्हणून चटई टाकली. माणसाच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि सकाळी गादी खालून भिजलेली निघते, हे मी कुठेतरी वाचले होते. काजव्यांचा हंगाम तोवर संपला.

आज पुन्हा रविवार आहे. जेवणानंतर मी पार्किंगमध्ये जाऊन, मागचा दरवाजा ओढून घेऊन, तिरपा पडलो होतो. डोळा लागतो न लागतो तोच काचेवर टकटक झाली. राखणदार वाकून आत पाहत होता.

"साहेब, वर काही झालंय का?"

"नाही हो. गादी बघतोय."

त्याने समजूतदारपणे मान हलवली. "काच जरा उघडी ठेवा," तो म्हणाला, आणि आपल्या खुर्चीकडे गेला.