तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतींचा आकडा का काढून टाकला?

"साइटवर पुस्तकाची रँक दाखवता, मग प्रती किती खपल्या ते का नाही दाखवत?" हे मला फोनवर विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, एकदा तर जळगाव स्टेशनवर गाडी लागत असताना एका गृहस्थांनी हात धरून विचारलं. जुने लोक पुढे जोडतात, "आधी दाखवायचात की! आता काय बिनसलं?" तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन मी थकलो. एकदाच सगळं सांगतो.

माझी साइट काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे: ॲमेझॉनवर तुमच्या पुस्तकाची रँक टिपत राहते आणि आलेख काढते. त्या आलेखाखाली एक रकाना असायचा, 'या महिन्यातली अंदाजे विक्री'. तो मी काढून टाकला. सर्व्हर बिघडला नव्हता, कुणी दबाव आणला नव्हता, आणि पैसे घेऊन दाखवायचा माझा बेतही नाही. हे तिन्ही आरोप माझ्यावर झालेले आहेत.

रँकमध्ये प्रती नसतात हो. रावेरचा केळीवाला रोज बऱ्हाणपूरचा भाव बघतो. त्या भावावरून कुणाच्या बागेतून किती घड कापले गेले ते त्याला कळतं का? रँक म्हणजे इतर पुस्तकांच्या तुलनेत तुमची जागा, तीही दर तासाला बदलणारी. ताज्या विक्रीला वजन जास्त, जुन्या विक्रीला कमी. तुमचं पुस्तक पाच लाखांवर पडलेलं असतं. नागपूरला कोणी एक प्रत मागवतो आणि थोड्या वेळात तुम्ही लाखाच्या आत! दोन दिवस कुणी मागवलं नाही की परत खाली. तेवढ्यात तुम्ही स्क्रीनशॉट काढून साडूला पाठवलेला असतो, मग मला फोन. एक प्रत होती, दादा. फार तर दोन. मागवणाऱ्याने ती परत केली तरी उडी पडून गेलेली असते. किंडलची, म्हणजे ई-पुस्तकांची, रँक वेगळी, तिच्यात 'किंडल अनलिमिटेड'ची वर्गणी भरणाऱ्यांनी वाचायला घेतलेलं पुस्तकही धरतात. आणि जूनमध्ये गाईडं नि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे वर सरकले की तुमची कादंबरी पहिल्याइतकीच खपत असूनही खाली जाते.

"मग रकाना लावलाच कशाला होता?" हाही प्रश्न रास्त आहे. किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्याला (मराठीला ही सोय २०१६ च्या डिसेंबरात मिळाली) विक्रीचा आकडा स्वतःच्या खात्यात दिसतो. छापील पुस्तक स्वतःच विक्रेता म्हणून ठेवणाऱ्यालाही दिसतो. अशा काही जणांनी मला आपले खरे आकडे दिले. रँकशेजारी ते मांडून मी सूत्र बसवलं. वरच्या रँकना ते बऱ्यापैकी बसायचं. दोन-तीन लाखांच्या पलीकडे, जिथे आपली मराठी पुस्तकं बहुतांश वेळ काढतात, तिथे एका प्रतीने चित्र पालटतं. तिथे सूत्र काय करणार? म्हणून मी एक आकडा कधीच दिला नाही, 'इतके ते इतके' असं दिलं. वर 'अंदाज' हा शब्द होता, आणि चांगला ठळक होता.

तेव्हाचा मी म्हणायचो, लेखकाच्या हातात आहे काय? वर्षातून एकदा रॉयल्टीचा कागद, तोही मागितल्यावर. एरवी प्रकाशक म्हणेल ती पूर्व दिशा. मग अंदाज का होईना, एक आकडा त्याच्याकडे असू दे. या युक्तिवादाला माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही.

आता सरांचं सांगतो. नाव घेत नाही. अमळनेरचे, निवृत्त शिक्षक, एक कादंबरी. प्रकाशक बाहेरचे, त्यांचंही नाव घेत नाही. पहिल्यांदा सरांनी मला पुस्तकाचा क्रमांक फोनवर सांगितला तेव्हा शेवटचा 'एक्स' गाळला होता. त्यांना ती छपाईची चूक वाटली. दहा आकडी आयएसबीएनमध्ये शेवटी एक्स येऊ शकतो, तो दहाच्या जागी असतो, हे समजावल्यावर अहिराणीत म्हणाले, "आते समजनं." तेव्हापासून आमची दोस्ती. रोज सकाळी ते आलेख बघायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वं साहित्य संमेलन भरलं, त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही झालं. सरांनी दोन्हीकडे उभं राहून हातोहात प्रती विकल्या. आलेख ढिम्म हलला नाही. हातोहात विकलेलं ॲमेझॉनला कसं कळणार? सर मात्र खट्टू झाले.

पुढे एकदा ते जळगावला माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची फाईल. वर्षभराचे आलेख छापून आणलेले, प्रत्येक उडीवर लाल पेनने खूण, समासात बेरीज. माझ्या रकान्यातल्या महिन्यांची बेरीज वेगळी: २२० ते ३९०. शेवटी प्रकाशकाचं विवरण. छापल्या ५००. भेट आणि अभिप्रायासाठी २५. विकल्या १६१, त्यातल्या ऑनलाइन ४१. शिल्लक ३१४. त्या ४१ भोवती पेन इतक्यांदा फिरलं होतं की कागद फाटायला आला होता.

मी त्यांना वरचं सगळं सांगितलं. अंदाज, परतावे, जून, ठोकळे. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि माझ्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून प्रकाशकाला लावला. पहिली पाच मिनिटं दोघंही सभ्य होते. मग सर म्हणाले, "माझ्याकडे पुरावा आहे." पलीकडून विचारणा झाली, "कसला पुरावा?" सरांनी माझ्या साइटचं नाव घेतलं. मी हाताने नको नको करत होतो. पलीकडचा आवाज एकदम थंड झाला. "सर, त्या माणसाला म्हणावं आमच्या गोडाऊनमध्ये ये आणि मोज."

मोजायला गोडाऊन गाठावं लागलं नाही. दीड-दोन महिन्यांनी गोडाऊनच ट्रान्सपोर्टने अमळनेरला आलं. हक्क परत, उरलेल्या प्रती परत, सोबत दोन ओळींचं पत्र. सरांचा फोन आला, "भाऊ, येतोस का?" मी गेलो. ओट्यावर तपकिरी कागदातले गठ्ठे, सुतळीने बांधलेले, दहा-दहाचे. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात पुस्तकांवर एक पाकीट होतं. त्यात सरांच्या दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित. ते त्याच प्रकाशकाकडे होतं आणि 'पुढच्या वर्षी बघू' इतपत बोलणं झालेलं होतं. सरांनी पाकीट उघडलं नाही, वजनावरूनच ओळखलं. काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि आत नेलं.

आम्ही मोजायला बसलो. मी गठ्ठे सोडायचो, सर कालनिर्णयच्या जुन्या पानामागे पाच-पाचच्या रेघा ओढायचे. एक गठ्ठा मी न सोडताच दहा म्हटलं तर त्यांनी तो सोडायला लावला. भरल्या ३१४. विवरणात लिहिलेल्या, बरोबर तेवढ्याच.

मला वाटलं, संपलं. प्रकाशक खरा होता. सर बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसले. मग म्हणाले, "पन पाचशेच छापल्यात कशावरून?"

मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं नव्हतं. शिल्लक मोजता येते, छापलेल्या मोजता येत नाहीत. पाचशे हा आकडाही प्रकाशकाचाच. माझ्या रकान्याने किमान २२० म्हटलं होतं. सूत्र चुकलं असेल. मला विचाराल तर बहुतेक चुकलंच असेल. पण 'बहुतेक'वर सरांची दुसरी कादंबरी परत आली होती. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आम्ही जेवलो, आणि विषय पावसावर गेला. परतल्यावर मी रकाना काढला.

यावर मला सांगण्यात आलं की 'अंदाज' शब्द आणखी मोठा करायचा. वाचणारा आकडा वाचतो हो, त्याच्या वरचं वाचत नाही. सर तर आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगत आलेले. त्यांचं हे, तर बाकीच्यांचं काय?

दुसरे म्हणतात, तू प्रकाशकांना विकला गेलास. हे लागतं, खोटं कशाला बोलू. रकाना काढल्यावर एका प्रकाशकाचा अभिनंदनाचा फोन आला. "फार जबाबदारीने वागलात," म्हणाले. तो फोन ठेवल्यावर मी रकाना परत लावायला बसलो होतो. निम्मा लावलाही. ज्याच्याकडे खरा आकडा आहे तो खूश होतोय, म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय, असं तेव्हाच्या मला वाटायचं. आताच्या मलाही वाटतं. तरी लावला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या दिवशी ओट्यावरचं पाकीट आठवलं, एवढंच.

तुम्हाला खरंच आकडा हवा असेल तर करार करतानाच मुद्रकाच्या बिलाची प्रत मागा. छापल्या किती ते तिथे लिहिलेलं असतं. कुणी तशी मागून मिळवल्याचं माझ्या ओळखीत तरी नाही, तेव्हा हा सल्ला कितपत कामाचा आहे ते तुम्हीच ठरवा. आलेख पूर्वीसारखाच आहे, तासातासाची रँक उतरवून घेता येते. सूत्र हवं असेल तर तेही देतो, लपवून ठेवण्याइतकं ते मोठं नाही. स्वतःच्या पुस्तकाला लावा, हवी तेवढी बेरीज करा. फक्त प्रकाशकाला फोन लावायचा झाला तर मला शेजारी बसवू नका.